अण्णा निकमांची सहकुटुंब मासेमारी

अण्णा निकमांचं तेरावं झालं आणि आमच्या सोसायटीने खाली पार्किंगमध्ये शोकसभा ठेवली. प्लास्टिकच्या खुर्च्या, हार घातलेला फोटो आणि मध्येच किंचाळणारा माइक. चेअरमन उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "निकमसाहेब हे अत्यंत निष्णात मच्छीमार होते." मला हसू फुटलं. साधंसुधं नाही, खुर्ची हलेल असं. मी पदर तोंडात कोंबला, खोकल्याचं सोंग केलं. शेजारी विमलवहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचाही धीर सुटला. आम्ही दोघी पदरात तोंड खुपसून गदगदत होतो. लोकांना वाटलं, बायका रडतायत. कुणीतरी पाणी आणून दिलं.

निष्णात म्हणे! गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत अण्णा माझ्या खालच्या मजल्यावर राहायचे. इतकी वर्षं आमचा शेजार, पण अण्णांनी मासा पकडून आणला आणि जिन्यात वास सुटला असं फार क्वचित झालं. मी मासे खात नाही, मला तो वास सहन होत नाही. त्यामुळे मासेमारीचा छंद असलेला शेजारी म्हणून मला अण्णांइतका सोयीचा माणूस मिळाला नसता.

मूळचे ते निफाडकडचे. लहानपणी नदीवर काठीला दोरा बांधून बसायची सवय लागली ती सुटली नाही. पुढे सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. लग्न मामाच्या मुलीशी. मामांना मुलगा नव्हता, म्हणून मामा गेल्यावर अण्णांनी मामींना आपल्याकडेच आणलं. तर घरात अण्णा, विमलवहिनी, एकुलती एक रेवती, आणि मामी. मामींचा आवाज असा की त्या खाली स्वयंपाकघरात बोलल्या तरी मला वर उत्तर द्यावंसं वाटायचं. मला त्या "मास्तरीणबाई" म्हणायच्या. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, हे मी अनेकदा सांगितलं. पण मला चष्मा होता, आणि मामींच्या मते तेवढं पुरेसं होतं.

अण्णा संसारी होते. म्हणजे सगळेच असतात, पण अण्णांना संसाराचं वेड होतं. कारखान्यातून आले की खाली स्कूटर लावायचे आणि तिथूनच घरी फोन करायचे, "पोचलो." मग जिना चढून दारात उभे राहायचे आणि पुन्हा म्हणायचे, "पोचलो." वहिनी म्हणायच्या, "कळलं हो, मघाशीच कळलं." बाजारात वहिनींची पर्स अण्णांच्या खांद्यावर. रेवतीच्या शाळेच्या सहलीला पालक म्हणून अण्णा. मामींच्या गुडघ्याला तेल लावायला अण्णा. हे सगळं ते इतक्या आनंदाने करायचे की आजूबाजूच्या नवऱ्यांना त्यांचा राग यायचा. बायका आपल्या नवऱ्यांना खिडकीतून दाखवायच्या, "बघा, निकम बघा."

आता घोटाळा काय झाला, तर या माणसाला छंद जडला तो मासेमारीचा. गळ टाकायचा तर माणसाने एकटं बसावं, गप्प बसावं. आणि अण्णांना घरच्यांवाचून चैन पडायचं नाही. दुसऱ्या कुणी यातलं एक काहीतरी सोडलं असतं. अण्णांनी दोन्ही एकत्र केलं.

दर रविवारी सकाळी आमच्या इमारतीखाली त्यांची जुनी ओम्नी गाडी भरायची. आधी मामींची खुर्ची, मग खुद्द मामी. मग सतरंजी, गॅसची छोटी शेगडी, कुकर, वांगी, पाण्याचा जार, रेवतीचा अभ्यास, वहिनींचं विणकाम, आणि सगळ्यात शेवटी, कुठे जागा राहिलीच तर, गळाच्या काठ्या. एकदा काठ्या राहूनच गेल्या होत्या, आणि हे धरणावर पोचेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. तरी तो दिवस छान गेला, असं अण्णा नंतर सांगायचे.

मी एकटी राहते हे कळल्यावर मलाही गाडीत घालण्यात आलं. "ताई, तुम्ही मासे खात नाय ना? मग काय अडचण नाय," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं पन तसा खायचा प्रसंग येत नाय."

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला एका ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा होता, त्याच्या कडेने आमचा तळ पडायचा. अण्णा पाण्याशी उकिडवे बसायचे, गळाला कणकेची गोळी लावायचे, दोरा लांब फेकायचे आणि पाण्यावरच्या त्या छोट्या बुचाकडे बघत राहायचे. बूच खाली गेलं की मासा लागला. पण ते जायचं कसं? मागे मामी नात्यातल्या एकूण एक माणसाच्या लग्नाचा मानपान काढत असायच्या. रेवती मोठ्याने पाठांतर करायची. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. मध्येच वहिनी ओरडायच्या, "अहो, लसूण कुठं ठेवला?" आणि अण्णा तिकडूनच ओरडायचे, "खुर्चीच्या खाली, पिशवीत!" आसपास दुसरे दोनचार गळवाले असायचे. ते निमूटपणे सामान आवरून पुढे सरकायचे.

"आरं भास्कर," मामी अण्णांना विचारायच्या, "लागला का?"

"विचार करतोय तो."

"कोन?"

"मासा. बायकोला विचारत आसंल. ती म्हनत आसंल, जेवायच्या वेळंला कुठं निघाले?"

हे अण्णा चेष्टेने म्हणत नव्हते. पाण्याखाली आपल्यासारखीच बिऱ्हाडं आहेत, अशी त्यांची पक्की समजूत होती. पावसाळ्यात मासे अंड्यावर असतात तेव्हा ते काठीला हात लावायचे नाहीत. "बाळंतपनाची रजा," म्हणायचे. एकदा चुकून चांगला हातभर मरळ लागला. मामींनी तव्याची तयारीही सांगितली. अण्णांनी तो हातात धरून उलटसुलट पाहिला आणि सोडून दिला. पाण्याच्या कडेला याची पिल्लं घोळक्याने फिरताना मघाशी दिसली होती म्हणे. मरळ पिल्लांची राखण करतो, हे खरंच आहे. मामी तिथून घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. आल्यावर म्हणाल्या, "बाजारात येवढाले मासे मिळत्यात. खुर्ची न्यावी लागत नाय, का कुकर."

निवृत्तीनंतर वहिनींनी त्यांना एकदा हट्टाने एकटं पाठवलं. "जा, मनासारखं बसा. दिवसभर येऊ नका." डबा दिला, टोपी दिली. मी आणि वहिनी चहा घेत बसलो होतो तर फोन. "पोचलो." थोड्या वेळाने परत फोन, "मामींनी गोळी घेतली का?" मग, "इथं वारं सुटलंय, तुमच्याकडं हाय का?" जेवायच्या वेळेला दार वाजलं तर अण्णा, हातात न उघडलेला डबा. म्हणाले, "उघडनार होतो. पन वाढू का म्हनायला कुनी नाय. घास उतरंना." आणि आमच्यासमोर बसून तोच डबा तीन वेळा वाढून घेऊन जेवले.

मला अण्णा फार आवडायचे. हे त्यांना कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी मला आणखी एक डबा पाठवला असता.

या सगळ्या कारभारावर एकदा खरोखरचं संकट आलं, ते रेवतीच्या लग्नाच्या वेळी. रेवती पुण्याला नोकरीला लागली आणि तिथे तिला निखिल नावाचा मुलगा आवडला. मुलगा चांगला, घर येवल्याकडचं, शेतीवाडी असलेलं. फक्त मुलाचे वडील दौलतराव हे कडक माळकरी. घरात कांदा चालायचा, पण मांसमच्छीचं नाव नाही. रेवती फोनवर एवढंच म्हणाली, "अण्णा, ते बाकी काही बघत नाहीत. पण मासे वगैरे म्हटलं तर..." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. अण्णांना तेवढं बस्स झालं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी अण्णा माझ्याकडे सगळ्या काठ्या घेऊन आले. "ताई, उद्याच्या दिवस राहू द्या." माझ्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीमागे, त्यांनी त्या उभ्या केल्या. मासेमारीची एकूण एक वस्तू घराबाहेर काढली असं त्यांचं मत होतं. एक राहिली.

ती म्हणजे माशांचं खाणं. घरात गांडूळ आणायचं नाही, हा वहिनींचा नियम होता. म्हणून अण्णा शाकाहारी खाणं तयार करायचे. कणीक, शेंगदाण्याची पेंड, गूळ, बडीशेप, वेलची, आणि हे सगळं साजूक तुपात खमंग भाजलेलं. "आपन कुनाला बोलावतोय तर चांगलं घालावं," असं त्यांचं म्हणणं. आमच्या सोसायटीत दिवाळीच्या फराळाला कुणी इतकं तूप घालत नसेल. याचे गोळे वळून ते स्टीलच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवायचे आणि धरणावर गेल्यावर त्याच्या लहान लहान गोळ्या करायचे. त्याच फ्रिजमध्ये, तसल्याच दुसऱ्या डब्यात, वहिनींनी पाहुण्यांसाठी रव्याचे लाडू करून ठेवले होते.

मामींना सगळ्यांनी बजावलं होतं की गप्प बसायचं. गप्प बसायचं म्हटल्यावर त्यांच्या हातांना चाळा सुरू झाला, आणि त्यांनी ताटल्या भरल्या.

मी शेजारीण म्हणून हजर होते. पोहे झाले. दौलतराव उंच, पांढरीशुभ्र टोपी, गळ्यात तुळशीची माळ, फारसं न बोलणारे. त्यांनी लाडू उचलला, एक घास घेतला, आणि डोळे मिटले. मला वाटलं, दाताखाली खडा आला.

"वहिनी," ते म्हणाले, "आमची आई गेल्यापासून असा लाडू खाल्ला नव्हता."

वहिनी लाजल्या. अण्णा खुशीत ताटलीकडे बघायला वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला. रव्याचा लाडू पांढरा असतो. हा खरपूस तपकिरी होता. त्यांनी रेवतीकडे पाहिलं, रेवतीने ताटलीकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. दौलतरावांनी दुसरा लाडू घेतला. तोही संपवला. अण्णांच्या कपाळावर घामाचे थेंब आलेले मला समोरून दिसत होते. एक शब्द बोलायचा नाही एवढंच काम होतं. पाहुणे खूश होते, लग्न ठरल्यात जमा होतं. दौलतरावांनी तिसऱ्या लाडवाकडे हात नेला आणि अण्णांनी चटकन तो हात धरला.

"नका खाऊ," अण्णा म्हणाले. "हा लाडू मानसांसाठी नाय, भाऊ. मी मासे धरतो. त्यांना घालायचं खानं हाय हे. शुद्ध हाय, तूप घरचं हाय, पन तुमच्यासाठी नव्हतं."

दौलतरावांनी लाडू खाली ठेवला आणि बोटांनी माळ चाचपली. "मासे धरता?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त वाईट वाटत होतं.

अण्णा उठले. रेवतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धरत होतो. भाऊ, तुमच्या म्होरं पोरीची शपथ घेतो. आजपासून गळाला हात लावनार नाय. पोरीला माझ्यापायी नाय म्हनू नका."

"अहो अण्णा, अहो..." दौलतराव म्हणेपर्यंत शपथ घेऊन झाली होती. पाहुण्यांनी चूळ भरली, पाणी प्यायले, "कळवतो" म्हणाले आणि गेले. दार लागल्यावर मामी म्हणाल्या, "दोन डबे एकावानी कशाला घेतले म्हन्ते मी?"

ते मधले दिवस फार वाईट गेले. अण्णा फोन हातात घेऊन घरभर फिरायचे. शेवटी एका संध्याकाळी फोन आला. दौलतराव म्हणाले, "पोरीचं लग्न मोडायची पाळी आली तरी ज्यानं माझा हात धरला, त्या घरची मुलगी आम्हाला पाहिजे." अण्णांनी हे वाक्य आम्हाला इतक्यांदा सांगितलं की ते मला पाठ झालं आहे. लग्न थाटात झालं. पाठवणीच्या वेळी रेवतीपेक्षा अण्णाच जास्त रडले, पण ते अपेक्षितच होतं.

मासेमारी मात्र संपली. काठ्या माझ्याच गॅलरीत राहिल्या. आणि यात एक अडचण अशी की, आमच्याकडे शपथ ज्याच्यापुढे घेतली त्याने "सुटली" म्हणावं लागतं. त्याशिवाय ती सुटत नाही. लहानपणी खेळतानाही आम्ही हे पाळायचो. रेवती पुण्याहून फोन करून म्हणायची, "अण्णा, माझ्या डोक्याची शपथ ना? मग मी म्हणते, सुटली."

"तुझ्या म्हनन्यानं नाय सुटत. तुझं नुसतं डोकं हाय."

"मग सासऱ्यांना विचारू का?"

"खबरदार! मुलीच्या बापानं असलं मागायचं नसतं."

रविवारी गाडी मात्र भरायची. मळ्याच्या कडेला सतरंजी पडायची, कुकर व्हायचा. आणि अण्णा पाण्याकडे पाठ करून बसायचे. "बघवत नाय," एवढंच म्हणायचे. त्यांचं जेवण कमी झालं. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त हाल झाले ते वहिनींचे. एक दिवस त्या माझ्याकडे येऊन चक्क रडकुंडीला आल्या. "ताई, पूर्वी निदान दोन तास डोळे पाण्याकडं असायचे. आता दिवसभर माझ्याच तोंडाकडं बघतात. कांदा चिरला तरी म्हणतात, काय सुरेख चिरतेस."

हसावं की वाईट वाटून घ्यावं हे मला कळेना. पण माणूस खंगत चालला होता, हे मला दिसत होतं. मीसुद्धा त्यांना दोनदा म्हटलं की दौलतरावांना सांगा. ते नुसते हसले, आणि माझ्या नळाचा वॉशर बदलून देऊन गेले.

पुढे रेवतीला दिवस गेले. वहिनींनी ठरवलं की डोहाळजेवण करायचं ते नावेतलंच. पाळण्यातलं, बागेतलं, चांदण्यातलं सगळे करतात. आपल्याकडे एवढं पाणी असताना नाव का नको? मळ्याच्या शेतकऱ्याची होडी झेंडूने सजवली. येवल्याहून दौलतराव मंडळींसह आले. हिरव्या साडीतली रेवती होडीत बसली, बायकांनी ओटी भरली, गाणी झाली, होडी काठाकाठाने एक फेरी मारून आली. तेवढ्या वेळात सगळे काठावर उभे राहून बघत होते. अण्णा एका बाभळीखाली पाण्याकडे पाठ करून बसले होते. मुलीचं कौतुक पाठीने ऐकत होते.

दौलतरावांना ते विचित्र वाटलं. त्यांनी मामींना हळूच विचारलं, "अण्णांची तब्येत बरी नाही का?"

मामींना हळू बोलता येत नव्हतं. "तब्येतीला काय धाड भरलीय? तुमच्या म्होरं शपथ घेतलीय ना त्यानं! लगीन झाल्यापून गळाला शिवला नाय. पान्याकडं बघत बी नाय. आन् तुम्हाला सांगायचं नाय म्हनं, मुलीचा बाप ना तो!"

सगळ्या काठाने हे ऐकलं. अण्णांनीही ऐकलं, आणि ते उठून गाडीकडे निघाले. दौलतराव भराभर चालत त्यांच्या आडवे गेले. इतका शांत माणूस, पण आवाज कापत होता. "अण्णा, ती शपथ मी मागितली नव्हती. तुम्ही ती खरंच पाळताय, हे मला आज कळतंय. रविवारी तुम्ही इथं येता म्हणून निखिल सांगायचा, मला वाटायचं मासे धरता. माझ्या सुनेच्या बापाला माझ्यापायी असं बसवलं मी?"

"तुमचं काय नाय हो भाऊ..."

"सुटली," दौलतराव म्हणाले. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सुटली, सुटली, सुटली! मी खाणार नाही, पण तुम्ही बसा."

अण्णांनी आधी रेवतीकडे पाहिलं. ती होडीतून मान हलवत होती आणि रडत होती. शेतकऱ्याने आपली बांबूची काठी आणली, कणकेचा गोळा आणला. अण्णांनी धोतरवाल्या व्याह्यांना वाकून नमस्कार केला, पँट खालून दुमडली, आणि पाण्याच्या कडेला उकिडवे बसले. दोरा दूर गेला, बूच पाण्यावर उभं राहिलं.

आणि त्या दिवशी एक नवलच झालं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळे गप्प झाले. इतक्या दिवसांनी हा माणूस पाण्याकडे तोंड करून बसला होता, त्याला एकदा तरी मासा लागू दे, असं प्रत्येकाच्या मनात आलं असणार. बायकांनी गाणं थांबवलं. वहिनींनी शेगडी बंद केली. मामींनी तोंडावर हात ठेवला. दौलतराव माळ धरून उभे होते. एवढा मोठा जमाव, पण पाणी काठाला लागण्याचा आवाज मी तिथे पहिल्यांदाच ऐकला.

त्यानंतरचे अण्णांचे पुष्कळ रविवार मी पाहिले, त्यांनी नातवाला मांडीवर घेऊन गळ टाकलेलाही पाहिला. पण ते गेल्यापासून मला आठवतात ते असे, आमच्याकडे पाठ करून, पाण्याशी बसलेले. बूच जरासं हललं. खरोखर हललं, मी पाहिलं. आणि नेमकं त्याच वेळी अण्णांनी काठी हातात तशीच धरून मान मागे वळवली. घाबरले होते. एकेकाच्या तोंडाकडे त्यांनी पाहून घेतलं, वहिनी, रेवती, मामी, मीसुद्धा.

"आसे गप का सगळे?" ते म्हणाले. "बोला की कुनीतरी. मला वाटलं, गेले समदे."

बूच खाली गेलं होतं. कुणी तिकडे पाहिलं नाही. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो.